लडाखला दोन लेन्सऐवजी एकच १८-३०० न्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे: निकॉन डी५६०० कॅमेरा आहे, सोबत १८-५५ आणि ७०-३०० या दोन झूम लेन्स आहेत (आकडे मिलिमीटरमधले: लहान आकड्याला दृश्य रुंद, मोठ्याला लांबचं जवळ), सप्टेंबरमध्ये घरच्यांबरोबर लडाखला जायचंय. दोन्ही घरी ठेवून एकच १८-३०० घेतली तर चालेल का, आणि क्वालिटी किती जाईल?

न्या. फक्त तिच्या जोडीला एक छोटी प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, बॅगेत टाका. मी लडाखला दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा बॉडी तुमचीच. पहिल्यांदा तुमच्याकडे आहेत त्याच दोन लेन्स नेल्या होत्या, दुसऱ्यांदा १८-३००.

आधी वजनाचं बोलू, कारण बहुतेक जण ओझं कमी होईल म्हणून ही लेन्स घेतात. तुमच्या १८-५५ चं (निकॉनची एएफ-पी मालिका) वजन २०५ ग्रॅम, त्याच मालिकेतल्या ७०-३०० चं ४१५. मिळून ६२०. निकॉनची २०१४ साली आलेली एफ ३.५-६.३ ची १८-३०० (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते आणि जास्त उजेड आत येतो) एकटीच ५५० ग्रॅमची आहे. म्हणजे वाचले फक्त ७० ग्रॅम, आणि हे ५५० ग्रॅम दिवसभर गळ्यात. (२०१२ ची एफ ५.६ वाली जुनी १८-३०० सेकंडहँड स्वस्तात दिसेल, पण ती ८३० ग्रॅमची आहे, तिच्या वाटेला जाऊ नका.) तेव्हा वजनासाठी घेणार असाल तर घेऊच नका. लेन्स बदलावी लागत नाही, हा हिचा खरा फायदा.

तो किती मोठा आहे ते मला हुंदरला कळलं. नुब्रात हुंदरच्या वाळूच्या टेकड्यांवर दुपारनंतर वारा सुटतो. दोन वशिंडांचे उंट रांगेने टेकडीवर चढत होते, माझ्या कॅमेऱ्यावर १८-५५ होती. वाऱ्याकडे पाठ करून, ओढणीच्या आडोशाला मी ७०-३०० लावली. वीस सेकंदही लागले नसतील. तोवर उंट टेकडीपलीकडे उतरले होते. आणि खरं नुकसान दुसऱ्या दिवशी दिसलं. पँगाँगला निळ्याशार आकाशाचे फोटो काढले, रात्री लॅपटॉपवर उघडले तर प्रत्येक फोटोत त्याच जागी करडे ठिपके. सेन्सरवर धूळ बसली होती. एफ १६ ला तर आकाशाला गोवर आल्यासारखं दिसत होतं. ब्लोअरने थोडी गेली, बाकीची पुण्याला येऊन सेन्सर साफ करून घेतल्यावर. त्या सहलीतले दोनशेहून जास्त फोटो मी एकेक करून दुरुस्त केलेत.

दुसऱ्या वेळी त्सो कारच्या रस्त्यावर क्यांग दिसले, तिथली रानगाढवं. गाडी थांबवली, काच खाली केली, ३०० वर कान टवकारून बघणाऱ्या तिघांचा फोटो घेतला. तेवढ्यात ते उधळले. मी नुसती झूम रिंग फिरवून २४ वर आले: सगळं पठार, मागे डोंगर, ढगांच्या सावल्या, आणि मधून धुळीची एक बारीक रेघ पळतेय. आज भिंतीवर लावलाय तो हा दुसरा फोटो. ७०-३०० असती तर तो मिळालाच नसता. १८-३०० सारखी सुपरझूम म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स असं आपण धरून चालतो, पण प्रवासात मला ती जास्त उपयोगी पडली ती झटकन मागे येता येतं म्हणून.

घरच्यांबरोबर जाताय म्हणून आणखी एक सांगते. पहिल्या सहलीत दर थोड्या वेळाने ‘तुम्ही व्हा पुढे, मी लेन्स बदलून आलेच’ असं चालायचं. सासूबाईंना त्या उंचीवर आधीच दम लागत होता, त्यांना थांबवून ठेवणं मलाच पटत नव्हतं. दुसऱ्या वेळी मी त्यांच्याबरोबर चालत होते.

आता क्वालिटी. ती जाते, आणि सगळ्यात जास्त ३०० ला. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोटो मऊ येतो, एफ ८ ला बराच सुधारतो. तुमची ७०-३०० तिथे हिच्यापेक्षा स्पष्ट सरस आहे. १८ ला सरळ रेषा बाहेर फुगतात, ३५ च्या पुढे आत दबतात. पँगाँगची पाण्याची कड वाकडी दिसली की हे लगेच लक्षात येतं, पण कॅमेऱ्यातलं ऑटो डिस्टॉर्शन कंट्रोल चालू ठेवलं की ते निघून जातं. बारा बाय अठरा इंचांच्या प्रिंटमध्ये माझ्या घरात कुणालाही फरक ओळखता आलेला नाही. पक्ष्याचा फोटो क्रॉप करून पिसं बघायला गेलात तर मात्र निराशा होईल.

खरी अडचण अंधारात येते. ठिकसेच्या बौद्ध मठात सकाळची प्रार्थना नक्की बघा. सभागृहात दिव्यांचा उजेड, छोटे लामा चहाच्या किटल्या घेऊन रांगांमधून पळतात. तिथे फ्लॅश मारूच नये. ३५ ला ही लेन्स फार तर एफ ४.५ च्या आसपास उघडते, म्हणून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० करूनही शटर १/१५ सेकंदावरच अडकला. व्हीआरमुळे (लेन्समधली हातातला कंप सावरणारी सोय) खांब, भिंतीवरची चित्रं स्वच्छ आली, पण हलणारी माणसं पुसट. व्हीआर तुमचा हात सावरतं, समोरच्याची हालचाल नाही. तिथे मी ३५ एमएम एफ १.८ लावली. एफ ४.५ च्या सहापट उजेड आत येतो, शटर १/९० च्या घरात गेला, आणि किटली ओतणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरची वाफसुद्धा आली. २०० ग्रॅमची लेन्स आहे, जॅकेटच्या खिशात मावते. दिवसातून एकदा, तेही चार भिंतींच्या आत लेन्स बदलायला हरकत नाही.

बारीकसारीक: चालताना लेन्स आपोआप लांब होते, १८ वर आणून लॉक करा. धुळीच्या जागी लेन्सची पुढे आलेली नळी आत घेण्याआधी कोरड्या कापडाने पुसा, नाहीतर ती धूळ आत ओढली जाते. पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) लावून १८ ला आकाश घेऊ नका, मधेच गडद पट्टा येतो. आणि कॅमेऱ्यातला फ्लॅश वापरायचा तर हूड (लेन्सच्या तोंडावरची झडप) काढा, नाहीतर फोटोच्या तळाशी लेन्सची सावली पडते.

टॅमरॉनची १८-४०० पण बघितली असेलच. ती ७०० ग्रॅमच्या आसपास जाते, लडाखसाठी मला तो जास्तीचा पल्ला गरजेचा वाटला नाही.

विकत घेण्याआधी तुमच्या शहरात लेन्स भाड्याने मिळते का ते विचारा. पुण्या-मुंबईत सहज मिळते, आणि दहा दिवसांच्या सहलीला ते परवडतं. ७०-३०० मात्र विकू नका. हिवाळ्यात भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाल तेव्हा तीच लागेल.