हरणांचे फीडर आणि नोव्हेंबरमधले घड्याळ : वाचकांचे प्रश्न

टेक्सासमध्ये शहराबाहेर थोडीफार जमीन घेतलेल्या मराठी वाचकांची पत्रे ऑक्टोबर संपत आला की वाढू लागतात, आणि त्यांतली बहुतेक एकाच गोंधळातून आलेली असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी उन्हाळी वेळ संपून घड्याळ एक तास मागे गेल्यावर हरणांच्या फीडरच्या, म्हणजे ठरलेल्या वेळी मका टाकणाऱ्या यंत्राच्या, टायमरचे काय करायचे, असा तो गोंधळ आहे. राज्यातला पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होत असल्यामुळे बहुतेक वर्षी त्याच्या दुसऱ्याच दिवशी घड्याळ बदलते. 2025 मध्ये 1 तारखेला हंगाम उघडला आणि 2 तारखेला घड्याळ मागे गेले. 1 नोव्हेंबर रविवारी येते त्या वर्षी मात्र, जसे 2026 मध्ये, घड्याळ हंगामाच्या आधी बदलते. आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत.

घड्याळ एक तास मागे गेल्यावर टायमरही मागे घ्यायचा का? घेतला तर मका पडण्याची वेळ बदलायची का? (ऑस्टिन)

घड्याळ आणि मका पडण्याची वेळ या दोन्ही गोष्टी एकत्र बदलाव्यात किंवा दोहोंनाही हात लावू नये. नेमकी एकच बदलली की सगळे बिघडते, आणि लोक नेमके तेच करतात.

तुमच्याच भागाचे उदाहरण घेऊ. ऑस्टिनला नोव्हेंबरच्या आरंभी, घड्याळ बदलण्यापूर्वी, सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो, आणि घड्याळ मागे गेल्यावर तोच सूर्योदय पावणेसातला होतो. तुमचा टायमर 7:45 वर लावलेला आहे असे समजा. त्याला अजिबात हात लावला नाही, तर मका पूर्वीप्रमाणेच सूर्योदयाला पडेल आणि हरणांच्या दृष्टीने काहीही बदललेले नसेल. फरक एवढाच की तुमच्या फोनमध्ये तेव्हा 6:45 वाजलेले असतील. याउलट टायमरचे घड्याळ तासभर मागे घेऊन 7:45 ही वेळ मात्र तशीच ठेवली, तर मका सूर्योदयानंतर तासाभराने पडेल, म्हणजे आदल्या दिवसापर्यंत पहाटेच्या उजेडाला येणारी हरणे येऊन, रिकामी जमीन हुंगून निघून गेलेली असतील.

माझा सल्ला असा की टायमर वर्षभर प्रमाणवेळेवर, म्हणजे हिवाळ्यातल्या वेळेवर, ठेवावा आणि मार्चमध्ये घड्याळ पुढे गेले तरी त्याला हात लावू नये. झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने ‘प्रमाणवेळ, मार्च ते नोव्हेंबर फोनपेक्षा एक तास मागे’ असे लिहून ठेवावे. जनावर आले की आपोआप छायाचित्र घेणारा ट्रेल कॅमेरा मोबाइल नेटवर्कशी जोडलेला नसेल तर तोही त्याच वेळेवर लावावा, नाहीतर छायाचित्रावरची वेळ आणि मका पडण्याची वेळ यांचा मेळ लागत नाही.

एक गोष्ट मात्र फोनच्या घड्याळानेच पाहायची आहे. शिकारीची कायदेशीर वेळ सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास अशी असते. टायमरवरचा आकडा पाहून ती ठरवू नका. त्या तारखेचा आणि तुमच्या काउंटीचा सूर्योदय पाहा, आणि शंका असेल तर गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) विचारा.

आम्ही माउंटन टाइममध्ये आहोत. आमच्याकडे घड्याळ वेगळ्या दिवशी बदलते का? (एल पासो)

नाही. दिवस तोच, आणि स्थानिक वेळेनुसार रात्रीचे दोन वाजताच बदलते.

दुकानदार म्हणतो, जुना टायमर टाकून द्या आणि घड्याळबदल आपोआप करणारा नवा घ्या. घ्यावा का? (ह्यूस्टन)

केवळ त्या कारणासाठी घेऊ नये. असा टायमर आपले घड्याळ आपोआप मागे घेतो, पण अनेकदा मका पडण्याची ठरवलेली वेळ तशीच ठेवतो. म्हणजे वर सांगितलेली चूक तो तुमच्या वतीने करतो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय घड्याळबदलाच्या सध्याच्या तारखा 2007 पासून लागू आहेत. त्यापूर्वी बदल एप्रिलच्या पहिल्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होत असे, आणि जुन्या तारखा पोटात घेऊन बसलेले उपकरण कोणी स्वस्तात देऊ करत असेल तर ते चुकीच्या आठवड्यात बदलेल. सूर्योदय-सूर्यास्ताचा हिशेब स्वतः करणारे टायमर मिळतात आणि ते खरोखर उपयोगी आहेत, पण त्यांत तुमचे ठिकाण नीट भरावे लागते. चंद्राच्या कलांनुसार मका टाकण्याच्या नावाखाली जास्त किंमत लावली जात असेल, तर ते पैसे चांगल्या बॅटरीवर खर्च करावेत. घेण्यापूर्वी टायमर सहा व्होल्टचा आहे की बारा, हे आपल्या बॅटरीशी आणि मोटरशी ताडून पाहा. सहा व्होल्टच्या टायमरला बारा व्होल्टची बॅटरी जोडल्यास तो जळू शकतो.

आमचा जुना टायमर उजेडावर चालतो, त्याला घड्याळच नाही. त्याचे काय करायचे? (वेको)

काही नाही. उजेड टिपणारी काच तेवढी पुसून घ्या.

शेजारचे रँचवाले सांगतात की घड्याळ बदलल्यावर हरणे दोन आठवडे गोंधळतात, म्हणून वेळ रोज पाच-पाच मिनिटांनी सरकवावी. हे खरे आहे का? (डॅलस)

हरणांना घड्याळ कळत नाही, त्यामुळे ते बदलले म्हणून ती गोंधळण्याचाही प्रश्न नाही. ती उजेडावर चालतात. पहाटे आणि संध्याकाळी ती अधिक हालचाल करतात, आणि त्यांचा माजाचा काळसुद्धा दिवस लहान होत जाण्याशी बांधलेला आहे. गोंधळ होतो तो माणसाने फीडरची वेळ सूर्याच्या तुलनेत एकदम तासाभराने हलवली म्हणून, आणि मग त्याचे खापर हरणांवर फुटते. फीडरमधून मका फेकणाऱ्या फिरत्या चकतीचा आवाज ऐकून हरणे जवळ येऊ लागतात हे खरे, पण तो आवाज त्यांच्या फिरण्याच्या वेळी झाला तरच.

या ऐकीव गोष्टीमुळे खरी गोष्ट मात्र कोणी पाहत नाही. ऑस्टिनच्या परिसरात नोव्हेंबरच्या आरंभी पावणेसातला होणारा सूर्योदय नववर्षापर्यंत सरकत जवळजवळ साडेसातवर येतो, म्हणजे हंगामाच्या दोन महिन्यांत सकाळ सुमारे चाळीस मिनिटांनी पुढे जाते. सूर्यास्त मात्र त्या काळात दहा-पंधरा मिनिटांच्या आतबाहेरच राहतो. घड्याळाच्या एका तासाची एवढी चर्चा करणारे लोक डिसेंबरच्या मध्यावर सकाळचा टायमर बदलतच नाहीत, आणि मग मका अंधारात पडतो. अंधारात तो रकून आणि रानडुकरे खातात. रोज पाच मिनिटांचा खटाटोप करू नका. दर तीन आठवड्यांनी सूर्योदयाची वेळ पाहून सकाळची वेळ पंधरा मिनिटांनी सरकवा, तेवढे पुरते.

मार्चमध्ये घड्याळ बदलल्यानंतर रँचवर जाणे झालेच नाही. ऑक्टोबरमध्ये गेलो तर बॅटरी उतरलेली, टायमर बंद आणि ड्रम अर्धा मक्याने भरलेला. बॅटरी बदलून, वेळ लावून सुरू केले तर चालेल ना? (सॅन अँटोनियो)

चालणार नाही. कृपया तो मका बाहेर काढेपर्यंत बॅटरी जोडूसुद्धा नका.

वेळ लावायच्या प्रश्नाखाली हा प्रश्न नेहमी दडलेला असतो, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच. टेक्सासच्या उन्हाळ्यात पत्र्याचा ड्रम दिवसा तापतो, रात्री निवतो आणि आतल्या अंगाला पाणी सुटते. झाकणाची एखादी फट पावसाचे पाणी आत घेते. अशा मक्यावर अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते आणि अॅफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. हे विष यकृतावर घाला घालते. बुरशी मेली तरी विष दाण्यात राहते, मका उन्हात वाळवला तरी ते जात नाही, आणि दाणा डोळ्यांना स्वच्छ दिसला म्हणून तो सुरक्षित आहे असे समजता येत नाही. हरणांपेक्षाही टर्की, बटेर आणि लहान पक्ष्यांना त्याचा धोका अधिक असतो, आणि तुमच्या फीडरखाली दिवसभर टिपायला तेच येत असतात. माणसाच्या अन्नात या विषाची मर्यादा अमेरिकेत एक अब्ज भागांत 20 भाग इतकी कमी ठेवलेली आहे, यावरून त्याची तीव्रता लक्षात यावी.

म्हणून तोंडाला चांगला मास्क आणि हातात मोजे घालून सगळा मका काढा. तो रानात पसरू नका, गाई-कोंबड्यांना घालू नका, ‘थोडा नव्यात मिसळून संपवू’ असेही करू नका. काउंटीच्या कचरा विभागाला विचारून त्याची विल्हेवाट लावा. ड्रम पाण्यात थोडे ब्लीच घालून धुवा, पूर्ण वाळू द्या आणि मगच नवा मका भरा. नवा मका घेताना पिशवीवर अॅफ्लाटॉक्सिनची तपासणी लिहिलेली आहे का ते पाहा, आणि नसेल तर दुकानदाराला विचारा. गोठ्यातल्या जनावरांना देऊ नये अशी सूचना असलेला स्वस्त मका रानातल्या जनावरांना मात्र चालतो, हा बाजाराचा समज मला मान्य नाही. काही आठवड्यांत संपेल एवढाच मका भरावा.

नव्याने सुरू करताना मका एकदम भरपूर टाकू नका. भुकेल्या हरणाने अचानक खूप मका खाल्ला तर त्याच्या पोटात आम्ल वाढते आणि ते दगावूही शकते. चकतीखाली ताडपत्री अंथरा, पाच सेकंद फीडर चालवा आणि पडलेला मका तोलून पाहा. थोड्या वेळात खाऊन संपेल इतकाच तो असावा. हे करताना चकतीजवळ बोटे नेऊ नका आणि मुलांना दूर ठेवा. बॅटरी का उतरली तेही शोधा. सौर पट्टी दक्षिणेकडे तोंड करून नसेल, तिच्यावर झाड आले असेल, किंवा टायमरच्या डब्यात लाल मुंग्यांनी घर केले असेल. या मुंग्या विजेच्या जोडण्या बंद पाडतात. फीडरभोवती मेलेले पक्षी किंवा सुस्त, खंगलेले हरीण दिसले तर हात न लावता टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाच्या जीवशास्त्रज्ञाला लगेच कळवा. हरणांचा क्रॉनिक वेस्टिंग हा असाध्य रोग या राज्यात 2012 पासून आढळत आहे, आणि एकाच जागी तोंड घालणाऱ्या कळपात तो पसरायला वाव मिळतो. त्यामुळे तुमच्या काउंटीत फीडर ठेवावा की नाही, हाच प्रश्न त्या तज्ज्ञांना आधी विचारणे मला योग्य वाटते.

सहा महिने जमिनीकडे फिरकणे शक्य नसेल, तर मार्चमध्येच ड्रम रिकामा करून बॅटरी काढून ठेवावी. एवढे तरी कराच.

टायमर सकाळी सातला लावला आहे, पण कॅमेऱ्यात मका रात्री पडताना दिसतो. (केटी)

सकाळ आणि संध्याकाळ उलट लागली आहे. बॅटरी बदलल्यावर घड्याळ बाराला परत जाते, तेव्हा सकाळ-संध्याकाळ दाखवणारी AM/PM ची खूण पाहायची राहते.

आमच्या घरामागे हरणे येतात. छोटा फीडर लावला तर हिवाळ्यात कोणती वेळ ठेवावी? (न्यूयॉर्क राज्य)

कोणतीच नाही. तुमच्या राज्यात रानातल्या हरणांना खायला घालणे बेकायदेशीर आहे.

आमचा फीडर काउंटी रस्त्यापासून जवळ आहे. घड्याळ बदलल्यावर संध्याकाळची वेळ साडेपाच ठेवली तर बरे का? (सॅन मार्कोस)

वेळेपेक्षा जागा आधी बदला. घड्याळ मागे गेले की लोकांची कामावरून घरी परतण्याची वेळ एकदम अंधारात जाते, आणि नोव्हेंबर हा तुमच्या भागात हरणांच्या माजाचाही काळ असतो, तेव्हा नर आजूबाजूला न पाहता धावतात. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांच्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घड्याळ मागे गेल्यानंतरच्या आठवड्यात हरणे आणि वाहने यांच्या धडका सुमारे 16 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. अशा आठवड्यात रस्त्याच्या कडेला मका टाकून हरणांना बोलावणे मला धोक्याचे वाटते. फीडर जमिनीच्या आतल्या भागात हलवेपर्यंत संध्याकाळचा फेरा बंदच ठेवा आणि कुंपण कुठे मोडले आहे ते पाहून घ्या. नवी जागा ठरवताना शेजाऱ्यांशी बोलावे, कारण हरणे तिथे पोचण्यासाठी तोच रस्ता ओलांडणार असतील तर हलवून उपयोग नाही.

जमिनीवर वन्यजीव व्यवस्थापनाची कर-सवलत हवी आहे. मक्याचा फीडर टायमरवर चालू आहे, एवढे पुरेसे आहे का? (ड्रिपिंग स्प्रिंग्ज)

नाही. अधिवास सुधारणे, धूप रोखणे, भक्षक प्राण्यांवर नियंत्रण, पूरक पाणी, पूरक खाद्य, निवारा आणि गणना या सातपैकी किमान तीन कामे करावी लागतात, आणि जमीन आधीपासून शेतीच्या मूल्यांकनात असावी लागते. मक्याचा फीडर म्हणजे पूरक खाद्य, असे परस्पर गृहीत धरू नका. मक्यात प्रथिने आठ-नऊ टक्केच असतात, तर वाढत्या हरणाला सोळा टक्क्यांच्या आसपास लागतात. कॅमेऱ्याची छायाचित्रे तुम्ही गणनेसाठी वापरणार असाल, तर त्यांवरची वेळ प्रमाणवेळ आहे की उन्हाळी, हे नोंदवहीत पहिल्याच पानावर लिहा. अर्ज 1 मेपूर्वी काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयात पोचावा लागतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मला पत्र पाठवण्याऐवजी जानेवारीतच त्या कार्यालयाशी आणि राज्याच्या जीवशास्त्रज्ञाशी बोला; जमीनमालकांना जीवशास्त्रज्ञाचा सल्ला विनामूल्य मिळतो.