‘मुंबई महाराष्ट्रापासून तोडणारच’ म्हणणाऱ्या मित्राशी कसं बोलावं?

‘असं होणंच शक्य नाही’ म्हणू नका, तिथेच हराल. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र विधानसभेने तेलंगणा वेगळं करण्याचं विधेयक फेटाळलं, तरी फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केलं. राज्यघटनेच्या कलम ३ नुसार राज्याच्या विधानसभेचं मत मागवावं लागतं, मानावं लागत नाही. एवढं आधी कबूल करा.

मग विचारा: ‘पहिली पायरी कोणती दिसेल?’ राष्ट्रपतींची शिफारस हवी, विधेयक आधी मतासाठी विधानसभेकडे यायला हवं. आलंय का? तो काश्मीरच्या विभाजनाचा विषय काढेलच (काढू दे, मुद्दा रास्त आहे). पण २०१९ मध्ये तिथे विधानसभा बरखास्त होती, राष्ट्रपती राजवट होती; मत मागवायला विधानसभाच नव्हती.

आणि हे चहावर, दोघांतच. ग्रुपवर चार जण बघत असले की कुणीच माघार घेत नाही.