पाढा पाठ आहे, पण मधलं विचारलं की अडतो

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. सातचा पाढा घडाघडा म्हणतो, पण मध्येच 'सात आठे किती?' विचारलं की ओठ हलवत सात एके सातपासून सुरू करतो. एका मैत्रिणीने कागदाचा फासा करायचा नमुना पाठवला. छापून आणला, चिकटवला, पण दोनदा टाकताच उकलला. नीट करायचा कसा? आणि त्याने पाढ्यांना खरंच मदत होते का?
– एक आई, बार्शी

उत्तर : होते, पण फाशावर आकडे कोणते लिहिता यावर सगळं आहे. दुकानातला फासा १ ते ६ चा, आणि तुमच्या मुलाचं घोडं तर सात-आठपाशी अडतंय. कागदी फाशाच्या सहाही बाजू आपल्या हातात असतात. नमुन्यावरचे ठिपके सोडून द्या, कोरा नमुना घ्या आणि ४ ते ९ लिहा. असे दोन फासे करा.

साध्या झेरॉक्सच्या कागदाचा फासा टिकत नाही. जाड कार्डशीटवर छापून घ्या, नाहीतर छापलेला कागद जुन्या लग्नपत्रिकेवर चिकटवा. (पत्रिकांचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.) बाजू ४ सेंटिमीटर ठेवली तर एका ए-फोर कागदावर दोन्ही फासे बसतात. कापल्यावर लगेच दुमडू नका. पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने घडीची प्रत्येक रेघ दाबून ओढा, मग दुमडा. आकडे चिकटवण्याआधीच लिहायचे, नंतर पेनाच्या दाबाने बाजू आत जाते. ६ आणि ९ च्या खाली रेघ मारा, नाहीतर पहिल्याच डावात भांडण. फेव्हिकॉल पातळ लावा आणि रात्रभर वाळू द्या. पोरं दम धरत नाहीत, म्हणून हे काम संध्याकाळी करायला घ्यावं.

आता खेळ. फासे टाकून नुसतं उत्तर विचारत बसलात तर ती तोंडी परीक्षाच झाली, फक्त प्रश्न फाशाने विचारले. माझ्या वर्गात चालायचा तो खेळ असा : बारीक चौकटींचा एक कागद, दोघांकडे दोन रंगांचे खडू. ७ आणि ८ पडले तर सात चौकटी रुंद, आठ चौकटी उंच असा आयत आखायचा आणि आत ५६ लिहायचे. मग दुसऱ्याची पाळी. आयत मावेल अशी जागा उरली नाही तर पाळी गेली. शेवटी ज्याच्या रंगाच्या चौकटी जास्त, तो जिंकला.

उत्तर आठवलं नाही तर सांगू नका, आणि पाढाही म्हणू देऊ नका. त्याच आयतात पाचव्या ओळीखाली आडवी रेघ मारायला सांगा. वर सात पंचे पस्तीस, खाली सात त्रिक एकवीस. बेरीज त्याची तो करेल. असं काही वेळा झालं की सात आठे छप्पन्न सुटं आठवायला लागतं, मागचा सगळा पाढा ओढत आणावा लागत नाही.

त्याला हेही दाखवा की ४ ते ९ मधल्या दोन आकड्यांचे गुणाकार अवघे २१ आहेत, कारण सात आठे आणि आठ साते एकच. हे २१ भिंतीवर लिहून ठेवा, पक्का झाला की तो स्वतः खोडेल. पोरांना खोडायला फार आवडतं.

'हा फासा सारखा नऊच टाकतो' अशी तक्रार येणारच. ती खरीही असू शकते, घरी चिकटवलेला फासा कुठेतरी जड असतोच. एक फासा ६० वेळा टाकून उभ्या रेघांनी नोंद ठेवायला सांगा. प्रत्येक आकडा दहाच्या आसपास यायला हवा. नऊ अगदी वीसदा आला, तर फासा नवा करा.

बक्षीस म्हणून चॉकलेट मात्र नको, आणि हरल्याचं नाटकही करू नका. मुलांना ते लगेच कळतं. तुम्ही खरंच खेळा, पंधरा-वीस मिनिटांत आवरा. हे २१ पक्के झाले की एका फाशावर ११ ते १६ लिहा, दुसरा आहे तसाच ठेवा. त्या वेळी चौकटींचा कागद मात्र मोठा लागेल.