वेडा राघू उशिरा उठतो

प्रश्न : आमच्या गावाबाहेर माळावरच्या तारेवर वेडे राघू (किडे खाणारे छोटे हिरवे पक्षी, ग्रीन बी-ईटर) बसतात. मी उजाडायच्या आत जाऊन बसते, पण तेव्हा ते नुसते एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि नंतर उडायला लागले की फोटोत एकतर रिकामं आकाश येतं नाहीतर नुसती शेपटी. ४०० एमएमची लेन्स आहे. काय चुकतंय? आणि उन्हाळ्यात त्यांच्या बिळासमोर बसलं तर चालेल का?
– एक वाचक, दौंड तालुका

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाहीये, हा पक्षीच सकाळी सुस्त असतो. सूर्य वर आला तरी चोच पाठीत खुपसून बसलेले राघू दिसतात, आणि तसंही त्याचं खाणं म्हणजे मधमाश्या, चतुर वगैरे, ते ऊन लागल्याशिवाय हवेत येतच नाहीत. म्हणून डिसेंबर-जानेवारी सगळ्यात भारी, सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि नऊपर्यंत ऊन तिरपं आणि मऊ राहतं, तोवर शिकार सुरू झालेली असते. अगदी पहाटेच काहीतरी हवं असेल तर कोतवाल पक्षी बघा, तो सगळ्यांच्या आधी कामाला लागतो, फक्त काळा असल्यामुळे एक्स्पोजर थोडं वाढवा.

आता उडण्याचं. त्याच्या मागे कॅमेरा फिरवूच नका. राघू झेप घेतो, किडा धरतो आणि बहुतेक वेळा त्याच जागेवर परत येतो, तर फोकस त्या जागेवर ठेवा, बाजूला मोकळी जागा सोडा आणि तो परत वळला की बर्स्ट (एकापाठोपाठ भराभर फोटो) दाबा. शटर १/३२०० सेकंदाच्या आसपास, ॲपर्चर ५.६ किंवा ६.३, आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ऑटो, १६०० झाला तरी घाबरू नका, नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो पण हललेला फोटो दुरुस्त होत नाही. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतो, त्यामुळे सकाळी पूर्वेचा वारा असेल तर सूर्य पाठीशी ठेवून बसा, तो समोरून तुमच्याकडेच येईल. आणि बसल्यावर लगेच कॅमेरा खाली नका ठेवू!! मधमाशी तारेवर आपटून, घासून तिची नांगी काढतो ते मला तरी उडण्यापेक्षा जास्त आवडतं.

बिळासमोर मात्र बसू नका, प्लीज. पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी याच पक्ष्यावर अभ्यास केला होता, २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस तेवढ्याच अंतरावर असला तरी त्याला बीळ दिसत असेल तर राघू आत जायचं टाळतो, दिसत नसेल तर जातो. म्हणजे तुम्ही लपून बसलात असं तुम्हाला वाटत असतं आणि तो चोचीत किडा धरून बाहेर ताटकळत असतो, आत पिल्लं उपाशी. फेब्रुवारी ते जूनमध्ये मातीच्या दरडीत भोकं दिसली की तिथून लांब जा आणि दुसरी एखादी तार शोधा.