व्हायकिंगाला ती काय म्हणून हाक मारेल?

प्रश्न असा आला आहे: "नवव्या शतकातल्या इंग्लंडात घडणारी एक प्रेमकादंबरी मी मराठीत आणते आहे. नायक व्हायकिंग, नायिका सॅक्सन सरदाराची मुलगी, यॉर्कजवळच्या गावातून पळवून नेलेली. ती संतापून त्याला 'व्हायकिंग!' म्हणते. तिथे 'अरे व्हायकिंगा' लिहिलं की माझं मलाच हसू येतं. दुसरा शब्द आहे का? तिला सगळे 'थ्रॉल' म्हणतात, त्याला काय लिहू? ती त्याच्याशी 'तू' बोलेल की 'तुम्ही'? आणि शेवटच्या प्रकरणात ती त्याला 'हजबंड' अशी हाक मारते, तिथे तर मी हात टेकले आहेत."

तुम्हाला हसू येतं यात तुमच्या मराठीचा दोष नाही. मूळ कादंबरीतच ती हाक खोटी आहे. नवव्या शतकात यॉर्कजवळची कुठलीही मुलगी समोरच्या माणसाला त्याची जात सांगावी तसं 'व्हायकिंग' म्हणणार नाही, कारण तेव्हा ते जातीचं किंवा लोकांचं नाव नव्हतंच. तो धंदा होता.

जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे तुमच्या नायकाच्या स्कँडिनेव्हियन भाषेत, दोन शब्द आहेत. 'वीकिंगर' म्हणजे असा धंदा करणारा माणूस, आणि 'वीकिंग' हे स्त्रीलिंगी नाम म्हणजे ती मोहीम. स्वीडनच्या दक्षिणेला स्कोने भागातल्या एका रूनशिलेवर, म्हणजे तिकडच्या जुन्या लिपीतल्या शिलालेखात, कोणीतरी उत्तरेकडे 'वीकिंग'मध्ये असताना मेला अशी नोंद आहे. हा दुसरा शब्द मराठीत आणायला काही कष्ट पडत नाहीत, आपल्याकडे 'मुलूखगिरी' तयार आहे. शेतीची कामं उरकून जहाजं घेऊन बाहेर पडायचं, लूट, खंडणी, माणसं जे मिळेल ते घेऊन परतायचं. तुमच्या नायकाच्या तोंडी 'मी व्हायकिंग आहे' असं वाक्य आलं असेल तर ते सरळ 'मी तीन उन्हाळे मुलूखगिरीवर होतो' असं करा. सागांमध्ये, म्हणजे आइसलँडच्या जुन्या गद्यकथांमध्ये, तर 'वीकिंगर' हा पुष्कळदा वाईट अर्थानंच येतो, समुद्रावरचा लुटारू म्हणून. शब्दाचं मूळ 'वीक' म्हणजे खाडी यात आहे, की ऑस्लोजवळच्या 'वीकेन' या प्रदेशात, की वल्ह्यांच्या पाळीसाठीच्या एका शब्दात, यावर पंडितांचं अजून एकमत नाही. तुमच्या कामाला त्यानं फरक पडत नाही.

जुन्या इंग्रजीतही या शब्दाचं भावंड होतं, आणि गंमत म्हणजे ७९३ साली लिंडिसफार्नचा मठ लुटला गेला, तो व्हायकिंगांचा पहिला गाजलेला हल्ला, त्याच्याही आधीपासून. लॅटिन शब्दांचे अर्थ देणाऱ्या जुन्या याद्यांमध्ये ते समुद्री चाच्यांच्या अर्थानं येतं, मग ते चाचे कुठलेही असोत. अँग्लो-सॅक्सन बखरीत ते क्वचितच दिसतं, आणि तेही छोट्या टोळ्यांसाठी: ८७९ साली टेम्सकाठी फुलहॅमला तळ ठोकून बसलेली एक टोळी, ८८५ साली वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याच्या आरमाराला भेटलेली सोळा जहाजं. एरवी बखरकार लिहितो 'डेने', म्हणजे डेन, डेन्मार्ककडचे लोक. नाहीतर 'हेथेने मेन', म्हणजे ख्रिस्ती नसलेली माणसं. नाहीतर नुसतं 'हेरे'.

हा 'हेरे' जरा थांबून बघण्यासारखा आहे. वेसेक्सचा राजा इने याच्या सातव्या शतकाच्या अखेरच्या कायद्यात एक व्याख्या आहे: सात माणसांपर्यंत असतील तर त्यांना आम्ही चोर म्हणतो, सात ते पस्तीस असतील तर 'ह्लोथ', त्यापुढे 'हेरे'. चोर, टोळी, धाड! ८६५ साली जी प्रचंड सेना इंग्लंडात उतरली आणि पुढच्याच वर्षी जिनं यॉर्क घेतलं, तिला बखरकार हाच 'हेरे' शब्द वापरतो. स्वतःच्या राजाच्या सैन्याला मात्र बहुतेकदा 'फिर्द'. मराठीत हा भेद 'धाड' आणि 'फौज' असा सहज पेलतो, तेव्हा तो हरवू देऊ नका. नायिकेच्या गावावर फौज येत नाही, धाड येते.

लुटला गेलेला मुलूख लुटणाऱ्याला काय नाव देतो हे आपल्याला दुसऱ्या बाजूनं माहीत असायला हवं. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर झाल्या तेव्हा बंगाल्यांनी त्यांना नाव दिलं 'बर्गी'. आपल्याकडे बारगीर म्हणजे ज्याचा घोडा सरकारी असतो तो स्वार. स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार. नोकरीच्या अटींतला शब्द, तिकडे तो अंगाईगीतातला बागुलबुवा झाला. स्वारीवरच्या एकाही शिलेदारानं स्वतःची ओळख 'मी बर्गी' अशी करून दिली नसती.

म्हणून माझा सल्ला: मुखपृष्ठावर, मलपृष्ठावर आणि निवेदनात 'व्हायकिंग' राहू द्या, वाचकाला तोच शब्द ठाऊक आहे. इंग्रजीतही तो मधली कित्येक शतकं जवळपास गायब होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तो परत आणला. (त्याच शतकानं त्यांना शिंगंही दिली. १८७६ साली बायरॉइटला वाग्नरच्या संगीतनाट्यमालिकेसाठी डोप्लरनं जे पोशाख आखले, त्यांतून शिंगवाली शिरस्त्राणं जगभर गेली. तुमच्या चित्रकाराला आधीच सांगून ठेवा.) अनेकवचनी 'व्हायकिंग्ज' मात्र नको. मराठीत 'दगड' अनेकवचनातही 'दगड'च राहतो, तसा 'व्हायकिंग' राहील: दहा व्हायकिंग आले, व्हायकिंगांनी मठ लुटला. नायिकेच्या तोंडी 'डेन' द्या, आणि संतापात 'विधर्मी', 'लुटारू', 'चाच्या'. 'ए चाच्या, हात लावू नकोस' यात कुणाला हसू येणार नाही. 'म्लेंच्छ' लिहायचा मोह होईल, तो टाळा. त्या शब्दाबरोबर आपलं सगळं बखरी मध्ययुग आत येतं आणि नॉर्थंब्रियाची, म्हणजे यॉर्ककडच्या त्या राज्याची, हवा जाते.

तशीच 'रानटी' ही शिवी जपून वापरा. तेराव्या शतकात सेंट ऑल्बन्सच्या मठातल्या जॉन ऑफ वॉलिंगफर्डच्या नावावरच्या बखरीत डेनांविरुद्ध भलतीच तक्रार आहे: हे लोक रोज केस विंचरतात, दर शनिवारी अंघोळ करतात, कपडे वरचेवर बदलतात आणि त्यामुळे आमच्या लग्न झालेल्या बायकांना नि सरदारांच्या मुलींना नादी लावतात. लिहिणारा कित्येक पिढ्यांनंतरचा, म्हणून हे शब्दशः घ्यायचं कारण नाही. पण यॉर्कच्या उत्खननात कंगवे खरोखरच रगड निघाले आहेत, आणि शनिवारला आइसलँडमध्ये आजही 'अंघोळीचा वार' अशा अर्थाचंच नाव आहे. प्रेमकादंबरीचं अर्धं कथानक तर या तक्रारीतच आहे.

'सॅक्सन'बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गोची तिथेही आहे. सॅक्सन वसले ते दक्षिणेला: वेसेक्स, ससेक्स, एसेक्स, ही नावंच सांगतात. यॉर्क नॉर्थंब्रियात, तिथले लोक अँगल. ती स्वतःच्या भाषेला 'एंग्लिस्क' म्हणेल. सगळ्यांना सरसकट 'सॅक्सन' म्हणायचे ते वेल्श आणि आयरिश शेजारी, आणि त्यांच्या भाषांमध्ये इंग्रजांना अजून तेच नाव आहे. लेखिकेनं 'सॅक्सन' लिहिलंय तर निवेदनात ठेवा. संवादात 'आम्ही नॉर्थंब्रियाचे' किंवा 'आमच्या लोकांत' असं म्हटलं की भागतं.

आता 'थ्रॉल'. नॉर्समध्ये 'थ्रेल' हा पुरुष गुलाम. बाईसाठी वेगळा शब्द आहे, 'आंबात'. म्हणजे तुमच्या नायिकेला सगळे ज्या नावानं हाक मारतात ते मुळात तिचं नव्हेच. मराठीत 'गुलाम' लिंगाच्या बाबतीत मोघम, आणि 'दासी' म्हटलं की पौराणिक नाटकातली पंखा ढाळणारी बाई उभी राहते. पेशवाईच्या कागदांत विकत घेतलेल्या, बक्षीस दिलेल्या बायकांसाठी 'कुणबीण' आणि 'बटीक' हे दोन शब्द आहेत. 'कुणबीण' आज जातिवाचक म्हणून ऐकू येईल, म्हणून नको. 'बटीक' घ्या. 'मी काय तुझी बटीक आहे?' हे आजही भांडणात ऐकू येतं, आणि त्यातली झोंबणारी धार नेमकी तुम्हाला हवी तीच आहे. पुरुषांसाठी 'गुलाम' पुरेसा आहे.

एक अवांतर, पण लेखिकेला कळवता आलं तर कळवा. नायिकेच्या बापाच्या घरीही गुलाम असणारच. जुन्या इंग्रजीत त्यांना 'थेओव' म्हणत, आणि वेल्श माणसासाठीचा जो शब्द होता तोच पुढे गुलामासाठीही वापरात आला. ब्रिस्टलहून आयर्लंडला माणसं विकायला नेण्याचा धंदा अकराव्या शतकातही चालू होता. वुस्टरच्या बिशप वुल्फस्टननं त्याविरुद्ध प्रचार केला म्हणून तो आपल्याला माहीत आहे. तेव्हा 'माणसाला विकतं का कोणी?' हा तिचा थक्क झालेला उद्गार जरा जास्त होतो. तिला धक्का बसावा तो आपण विकले जातोय याचा.

पळवलेली उच्चकुलीन बाई हा साचाही कादंबरीकारांनी शोधलेला नाही. तेराव्या शतकातल्या लाक्सदाला सागेत होस्कुल्ड नावाचा आइसलँडर बाजारात एक मुकी बटीक विकत घेतो, इतरांच्या तिप्पट भावानं, तीन मार्क चांदीला. काही वर्षांनी ती ओढ्याकाठी आपल्या लहान मुलाशी बोलताना त्याला ऐकू येते. ती मुकी नव्हतीच. नाव मेल्कोर्का, आयर्लंडच्या राजाची मुलगी. इतकी वर्षं तिनं त्याच्याशी एक अक्षर न बोलणं निवडलं होतं. मला हे आजच्या बहुतेक प्रणयकथांपेक्षा जास्त खरं वाटतं.

तू की तुम्ही? इतिहासाला विचाराल तर 'तू'. जुन्या इंग्रजीत एका माणसाशी बोलताना 'थू', मग तो राजा असो की गुराखी; आदरार्थी अनेकवचन इंग्रजीत नंतर फ्रेंचच्या वळणानं आलं. नॉर्समध्येही तेव्हा तसंच होतं. बटीक मालकाला 'तू' म्हणते हे मराठी वाचकाला पहिली दोन पानं खटकेल, मग तोच तिचा ताठा वाटायला लागेल. 'तुम्ही'वरून 'तू'वर येण्याचा जो हुकमी प्रसंग मराठी प्रेमकथेत असतो, तो मात्र तुम्हाला गमवावा लागेल.

त्याची भरपाई आहे, आणि ती इंग्रजी मूळ लेखिकेलाही करता आलेली नसणार. जुन्या इंग्रजीत आणि नॉर्समध्ये संस्कृतसारखं द्विवचन होतं, पण फक्त 'आपण दोघं', 'तुम्ही दोघं' अशा सर्वनामांत. 'वित' म्हणजे आपण दोघंच, तिसरं कोणी नाही. दहाव्या शतकातल्या एक्सेटरच्या हस्तलिखितात एक एकोणीस ओळींची कविता आहे, बाईच्या तोंडची. ती एका बेटावर, तिचा वुल्फ दुसऱ्या बेटावर. तिच्या शेवटच्या ओळीत हेच सर्वनाम येतं: जे कधी जुळलंच नव्हतं ते सहज फाडता येतं, आपल्या दोघांचं गाणं. आजच्या इंग्रजीला इथे 'द टू ऑफ अस'चा टेकू घ्यावा लागतो, कारण तिच्याकडे एकच 'वी' उरला आहे. मराठीत द्विवचन गेलं, पण ऐकणाऱ्याला आत घेणारं 'आपण' आणि बाहेर ठेवणारं 'आम्ही' हा भेद शिल्लक आहे. सबंध कादंबरीभर तिला 'आम्ही' म्हणू द्या: आम्ही असं खात नाही, आम्ही मेलेल्याला जाळत नाही. मग एका साध्याशा वाक्यात, 'पाऊस यायच्या आत आपण गवत आत घेऊ' अशा, पहिलं 'आपण' येऊ द्या. मात्र त्यासाठी आदरार्थी 'आपण' पूर्ण पुस्तकातून हद्दपार करावं लागेल. 'आपण कोण आहात?' असं कोणी एकदा जरी म्हटलं तरी ही सगळी मेहनत वाया.

राहिला 'हजबंड'. हा शब्दच मुळी डेनांनी दिलेला: 'हूसबोन्दी', घर असलेला, जमीनजुमल्याचा धनी. इंग्रजीत त्याला 'नवरा' हा अर्थ चिकटायला तेरावं शतक उजाडलं. 'वाइफ' मात्र अस्सल जुनी इंग्रजी. म्हणजे इंग्रजीतल्या नवराबायकोच्या जोडीत नवरा नॉर्स आणि बायको इंग्रज, अगदी तुमच्या कादंबरीसारखी. अर्थाच्या दृष्टीनं याला मराठीत 'घरधनी' इतका चपखल शब्द आहे की निवेदनात तो वापराच. हाक म्हणून मात्र नको. गावाकडे बायका 'धनी' म्हणून हाक मारत, आणि 'धनी' म्हणजे मालकही. तीनशे पानं बटीक म्हणून काढलेल्या बाईच्या तोंडी तो शब्द आला तर वाचकाला कळणार नाही की ती लग्न होऊन सुटली की तिथेच राहिली. 'नाथ' संगीत नाटकातलं, 'नवरोबा' लाडिक, 'अहो' तर शक्यच नाही कारण ती त्याला 'तू' म्हणते आहे. लेखिकेनं त्याला नाव दिलं असेलच. त्या नावानंच हाक मारू द्या तिला.