स्नायू, शीर की अस्थिबंध?

नेरूळहून आलेला प्रश्न: ‘घोटा मुरगळला. डॉक्टर म्हणाले, लिगामेंट ताणलंय. आजी त्याला शीर म्हणते, हिंदी पत्रकात स्नायु छापलंय आणि मुलीच्या शाळेच्या पुस्तकात अस्थिबंध आहे. मराठीत कोणता शब्द बरोबर?’

अस्थिबंध. हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. पाठ्यपुस्तकं तिला स्नायुरज्जू म्हणतात. कंडरा हा शब्द आटोपशीर आहे, तोच रुळावा असं मला मनापासून वाटतं.

हिंदी पत्रक मात्र चुकीचं नाही. उलट, त्यात शब्दाचा जुना अर्थ टिकलाय. सुश्रुतसंहितेत स्नायू 900 आणि पेशी 500 अशी वेगवेगळी मोजदाद आहे. तिथे मांसाचे गोळे म्हणजे पेशी आणि स्नायू म्हणजे बंध. दाखलाही दिलाय तो नावेचा: फळ्या पुष्कळ बंधांनी आवळल्या की नाव पाण्यात भार पेलते, तसेच स्नायूंनी बांधलेले सांधे माणसाचा भार पेलतात. ठाण्याच्या खाडीकाठी राहणाऱ्याला याहून चांगला दाखला कोणता द्यावा! पुढे मराठीत स्नायू मांसाकडे सरकला, बंगालीत मज्जातंतूकडे. म्हणून आज मराठीत ‘घोट्याचा स्नायू फाटला’ लिहिलं, तर वाचणारा पोटरीकडे बघेल.

शीर हा बोलीतला सैल शब्द. रक्तवाहिनी, मज्जातंतू, कंडरा सगळ्यांनाच तो चालतो. टाचेमागची धोंडशीर ही खरं तर कंडराच. शब्द इतका नेमका आहे की तो जपायलाच हवा.

कंडरा आणि अस्थिबंध दोन्ही संयोजी ऊतीच, म्हणजे जोडणारे टिश्यू. ऊती या शब्दाचा अर्थ विणकाम. मुळाशी संस्कृत ‘वे’ धातू, विणणे. इंग्रजी टिश्यूच्या मुळाशीही लॅटिनमधलं विणणंच आहे. या विणीत पेशी (आजच्या अर्थाने, म्हणजे सेल) थोड्या आणि त्यांनी बनवलेले कोलॅजेन या प्रथिनाचे धागे फार. कंडरेला ओढ एकाच दिशेची, म्हणून धागे समांतर. सांध्याला ताण अनेक बाजूंनी बसतो, म्हणून अस्थिबंधात काही धागे तिरपेही असतात. दोन्हींना रक्तपुरवठा कमी, म्हणून दुखापत स्नायूपेक्षा सावकाश भरते. (कोलॅजेनमधला ‘कोला’ म्हणजे ग्रीकमध्ये सरस. जनावरांची कातडी-हाडं उकळून काढतात तोच.)

शुद्धलेखनात एक अडचण हमखास येते: सुटा शब्द ‘स्नायू’ दीर्घ, पण समासात ‘स्नायुरज्जू’, यु ऱ्हस्व.

क्रियापदही जपून निवडा. मुरगळतो तो सांधा, अस्थिबंध नव्हे. अस्थिबंध ताणला जातो, अर्धवट फाटतो किंवा पूर्ण तुटतो. डॉक्टर दुखापतीच्या ज्या तीन पायऱ्या सांगतात त्या साधारण याच. तुमच्या बाबतीत लिहायचं ते असं: ‘घोटा मुरगळून अस्थिबंध ताणला गेला.’