वाढदिवसाचं आमंत्रण नुसतं व्हॉट्सॲपवर दिलं तर चालतं का? अंगठे ढीगभर आलेत, केटररला ताटं किती सांगू?

अंगठे मोजू नका. अंगठा म्हणजे बघितलं, एवढंच. 'ट्राय करतो' म्हणजे येत नाही. आणि जे काहीच कळवत नाहीत ते चौघं मिळून येतात, निदान आमच्या गोव्यातल्या फोंड्यात तरी.

गेल्या वर्षी पुतणीचा पहिला वाढदिवस होता. धाकट्याला म्हटलं, चोडणच्या मामांकडे तरी जाऊन ये. तर म्हणतो, "दादा, आता दारोदार कोण फिरतं? ब्रॉडकास्ट टाकलाय, एका दमात १८० जणांना." ब्रॉडकास्टमध्ये २५६ नंबर मावतात हे त्याला ठाऊक. ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो निरोप जातच नाही, हे मात्र ठाऊक नव्हतं. मामांचा फोन त्याच पावसात बिघडलेला, नव्या फोनमध्ये आमच्यापैकी कुणाचा नंबर नाही. मेसेज इन्फो उघडून बघितलं असतं तरी कळलं असतं.

मामा आले नाहीत. केकचे फोटो त्याच रात्री फेसबुकवर, नातवाने त्यांना दाखवले. गणेश चवथीला मी गेलो तेव्हा मामी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, वाढत होत्या. मामा माटोळीकडे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांकडे, बघत कोकणीत म्हणाले, "बरें जालें, फोटो पळयले आमी." बरं झालं, फोटो पाहिले आम्ही. मग उठून कपाटातून सोनाराच्या गुलाबी कागदातली पुडी आणली. चांदीचे वाळे. वाढदिवसाच्या आठवडाभर आधीच पणजीहून आणून ठेवले होते.

धाकट्याचं अजून म्हणणं, मामांनीच फोन करून विचारायचं होतं. आमंत्रण मागून घ्यायचं?

माझ्या मुंजीच्या वेळी बाबांनी पहिली अक्षत म्हार्दोळला म्हाळसेला ठेवली, मग रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला. मामांच्या हातावर अक्षत, अर्धा कप चहा, परत. त्या चहात बाबांना सगळा हिशेब मिळायचा: कुणाची सून बाळंतीण, कुणाचे गुडघे धरलेत, कोण कुणाला घेऊन येणार. आचाऱ्याला सांगितलेला आकडा फारसा चुकत नसे.

ऑफिसातले, मुलाच्या वर्गातले, लंडनला गेलेले, यांना व्हॉट्सॲप पुरे आहे, ते मीही करतो. २०२० साली लग्नाला ५० माणसांची अट होती तेव्हा तर दुसरा इलाजच नव्हता. पण ती अट उठूनही वर्षं झाली की हो! साठीपुढच्या प्रत्येकाकडे जा. जमत नसेल तर फोन करा, आणि बायकोलाही बोलायला लावा, म्हणजे आकडा खरा कळेल. बाकीच्यांना आदल्या दिवशी विचारा, वर दहा ताटं जास्त सांगा.

जानेवारीत धाकट्याची वास्तुशांत आहे. परवा त्याने फॅमिली ग्रुपवर पोल टाकलाय: येणार, बघतो, नाही. मामा त्या ग्रुपवर नाहीत.